इलेक्ट्रॉन किती गेले ते कळतं, पण कुठल्या तालात गेले?

बहिणीकडे नवीन टीव्ही आला तेव्हा बारावीतल्या भाच्याने खोक्यावरचं वाचून विचारलं, "मावशी, यात क्वांटम डॉट आहेत म्हणे, मग त्यांच्यातून करंट जातो का गं?" प्रश्न इतका चांगला होता की चहा तसाच राहिला. टीव्हीतल्या त्या डॉटमधून करंट जात नाही. ते काही नॅनोमीटरचे कण असतात, मागून निळा प्रकाश पडला की लाल किंवा हिरवा प्रकाश देतात, कणाचा आकार बदलला की रंग बदलतो, आणि २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं ते याच कणांसाठी. पण ज्यांच्यातून करंट जातो, आणि एकेक इलेक्ट्रॉन मोजून जातो, असे क्वांटम डॉट वेगळे असतात. एमएस्सीला असताना मला त्यांचं वेड लागलं होतं ते अजून आहे, म्हणून त्याला त्या दिवशी जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितेय.

हा डॉट म्हणजे कण नाही, जागा आहे. गॅलियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे थर एकावर एक वाढवले की त्यांच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉनचा एक पातळ पापुद्रा तयार होतो, त्यात ते आडवेतिडवे हवे तसे पळतात पण वरखाली जाऊ शकत नाहीत. मग वरच्या पृष्ठभागावर धातूच्या अगदी बारीक पट्ट्या काढायच्या, त्यांना गेट म्हणतात, आणि त्यांना निगेटिव्ह व्होल्टेज द्यायचं, की पट्ट्यांखालचे इलेक्ट्रॉन बाजूला पळतात. पट्ट्या नीट मांडल्या तर मधोमध काहीशे नॅनोमीटरचं एक डबकं उरतं, त्याला डावीकडे एक चिंचोळी वाट आणि उजवीकडे एक. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी शेकडो डबकी ओळीने बसतील.

नाशिकच्या माणसाला हे समजवायला मला रहाड बरी पडते. रंगपंचमीला जुन्या नाशकात तिवंधा चौकात, पंचवटीत शनि चौकात त्या पेशवाईतल्या रहाडी, म्हणजे जमिनीतले हौद, उघडतात, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बंद असतात, त्या दिवशी रंगाने भरतात आणि लोक रांगेने येऊन धप्पा मारतात. आता कल्पना करा की रहाड फार लहान आहे, जायला एक बोळ, बाहेर पडायला दुसरा बोळ, आणि आतली माणसं एकमेकांना कोपराने ढकलतायत. आत २० जण मावलेत, एकविसावा काठावर उभा आहे, पण त्याला आत शिरायला जोर लावावा लागणार आणि तेवढा जोर त्याच्यात नाही. मग तो थांबतो, त्याच्यामागची सगळी रांगही थांबते. इलेक्ट्रॉनचं हेच होतं, सगळे निगेटिव्ह, एकमेकांना ढकलणारे, त्यामुळे डॉटमध्ये एक जास्तीचा घालायचा तर ठरावीक एनर्जी मोजावी लागते, आणि ती नसेल तर करंट शून्य. याला कूलंब ब्लॉकेड म्हणतात.

किती एनर्जी? अशा डॉटची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, खूपच कमी असते, म्हणून एका इलेक्ट्रॉनसाठी साधारण १ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा त्याच्या आसपास. आपल्या खोलीच्या तापमानाला उष्णतेचा जो धक्काबुक्कीचा जोर असतो तो साधारण २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे इथे रांगबिंग काही राहणारच नाही, सगळे धडाधड आतबाहेर करतील. म्हणून हे प्रयोग हेलियम-३ आणि हेलियम-४ च्या मिश्रणावर चालणाऱ्या फ्रिजमध्ये करतात, शून्य केल्विनच्या वर फक्त एक दशांश डिग्री किंवा त्याहूनही कमी. आणि दोन्ही बोळ पुरेसे चिंचोळे लागतात, प्रत्येकाचा रेझिस्टन्स साधारण २६ किलोओहमपेक्षा बराच जास्त, नाहीतर इलेक्ट्रॉन धड आत ना धड बाहेर असा पसरून राहतो आणि "आत किती आहेत" हा प्रश्नच नीट विचारता येत नाही.

आता आणखी एक गेट असतं, त्याला प्लंजर म्हणतात, त्याचं व्होल्टेज हळूहळू बदललं की रहाडीचा तळ खाली सरकल्यासारखं होतं. एका ठरावीक जागी २० आणि २१ दोघांची किंमत सारखी होते, मग एक आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर, करंट वाहायला लागतो. अजून पुढे गेलं की २१ जण आत पक्के बसतात आणि पुन्हा सगळं बंद. ग्राफ काढला तर डोंगर, दरी, डोंगर, दरी. डोंगरावरसुद्धा करंट बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतो, पण १ पिकोअॅम्पिअर म्हटलं तरी सेकंदाला साधारण ६२ लाख इलेक्ट्रॉन होतात, तेही एकेक करून.

इथपर्यंतचं पुस्तकात सापडतं. मला खरं सांगायचंय ते यापुढचं.

करंट मोजला की किती इलेक्ट्रॉन गेले ते कळलं. पण इलेक्ट्रॉन लाट पण असतो, या थरात त्याची लाट साधारण ४५ नॅनोमीटरची असते, आणि लाटेला दोन गोष्टी असतात, एक तिची उंची आणि दुसरी ती आत्ता वर आहे की खाली, म्हणजे फेज. करंटमध्ये फक्त उंचीचा वर्ग येतो, फेज गायब. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, कमरेपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, त्यावरून पूर किती मोठा ते अख्ख्या गावाला कळतं, पण त्या पाण्यावर आत्ता जी लाट मारुतीला लागली ती धरणाकडून निघाल्यापासून कितीदा वरखाली झाली हे मारुतीकडे बघून कुणाला सांगता येईल का? करंट म्हणजे तसा मारुती. आणि अख्ख्या क्वांटम मेकॅनिक्सची गंमत त्या वरखालीमध्येच आहे, म्हणून फेज न मोजता डॉट समजला असं म्हणणं मला कधी पटलं नाही.

फेज एकटीची मोजताच येत नाही, कशाशी तरी तुलना करूनच मोजावी लागते. ढोलपथकाचं घ्या. एकाच पथकाचे दोन भाग केले, एकाच ठोक्यावर निघाले, एक या गल्लीने, दुसरा त्या गल्लीने, आणि पुढच्या चौकात भेटले. दोघांचे ठोके एकावर एक पडले तर गल्ल्या सारख्या, आणि एकाचा ठोका बरोबर दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडायला लागला तर एका गल्लीत काहीतरी झालंय, अर्ध्या ठोक्याचा फरक आलाय. ढोल आणि लाट यात एक फरक मात्र लक्षात ठेवा, ढोलाचे ठोके चुकले तर नुसतं बेताल वाटतं, लाटा अर्ध्या फेऱ्याने चुकल्या तर एकमेकींना पुसून टाकतात.

तर इलेक्ट्रॉनसाठी दोन गल्ल्यांची एक रिंग बनवायची, एका गल्लीत डॉट ठेवायचा, दुसरी मोकळी, आणि रिंगच्या मधून चुंबकीय क्षेत्र सोडायचं. याकिर आहारोनॉव्ह आणि डेव्हिड बोम यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं की मधून जाणारं क्षेत्र इलेक्ट्रॉनला न शिवतासुद्धा दोन वाटांमधल्या फेजचा फरक बदलतं, आणि १९८५ मध्ये सोन्याच्या छोट्या रिंगमध्ये ते मोजलंही गेलं. साधारण १ मायक्रॉन व्यासाच्या रिंगला क्षेत्र ५ मिलिटेस्लाने वाढवलं की फेज एक पूर्ण फेरा फिरते, करंट वर जाऊन खाली येऊन परत तिथेच. म्हणजे हातात एक बटण आलं, हे बटण फिरवत राहायचं आणि करंटची लाट कुठे सरकली ते बघायचं, जेवढी सरकली तेवढी डॉटने लावलेली फेज.

१९९५ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये आमिर याकोबी, मोती हायब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा केलं. त्यातला पहिला निकालच मोठा होता, की लाट दिसली! म्हणजे जो इलेक्ट्रॉन डॉटमध्ये जाऊन, तिथल्या गर्दीत थांबून, मग बाहेर आला तो स्वतःचा ताल विसरला नव्हता. हे आधी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

पण फेजचं उत्तर विचित्र आलं. डोंगर चढता चढता फेज हळूहळू बदलायला पाहिजे होती, ती एकदम १८० अंशांनी उडी मारत होती. याचं कारण नंतर कळलं आणि ते डॉटमध्ये नव्हतं, रिंगमध्ये होतं. ज्या उपकरणाला फक्त दोन टोकं आहेत, एक आत जायचं आणि एक बाहेर यायचं, त्यात चुंबकीय क्षेत्र सुलट लावा की उलट लावा करंट सारखाच यायला लागतो, हा निसर्गाचा नियम आहे. आता शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसणारी लाट काढून बघा कागदावर, शून्यावर एकतर तिचा माथा पाहिजे नाहीतर खड्डा, मधलं काही चालणारच नाही. म्हणून फेज ० किंवा १८०, तिसरं उत्तर द्यायची त्या रिंगला मुभाच नव्हती. भाच्याला मी ही लाट काढायला लावली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मला फार आवडतं, दरवर्षी क्लासमध्ये एखाद्या तरी मुलाच्या चेहऱ्यावर येतं.

मग १९९७ मध्ये शुस्टर, बुक्स, हायब्लुम यांच्या टीमने रिंगला आणखी फाटे फोडले. गल्लीतून आपटून मागे वळलेले, भरकटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा रिंगमध्ये न फिरता त्या फाट्यांनी बाहेर पडून जातात, चौकात पोचतात ते फक्त एकदाच सरळ आलेले. आता मोजलेली फेज खरी.

ती कशी यायला पाहिजे हे घरीच करून बघता येतं. किल्ली २५ सेंटीमीटर दोरीला बांधा आणि दोरीचं वरचं टोक बोटात धरा. तिचा एक झोका साधारण १ सेकंदाचा होतो. हात अगदी सावकाश डावीउजवीकडे हलवा, किल्ली हाताबरोबर जाते. आता हात भराभर हलवा, हात उजवीकडे जातो तेव्हा किल्ली डावीकडे, बरोबर उलटी, १८० अंश. आणि मधे एक वेग असा असतो की किल्ली जोरात झोके घ्यायला लागते, तिथे ती हाताच्या पाव फेरा मागे असते, ९० अंश. डॉटमधली प्रत्येक लेव्हल, म्हणजे इलेक्ट्रॉनला बसता येईल अशी ठरावीक एनर्जीची पायरी, अशी एक किल्ली आहे. प्लंजर फिरवत डोंगरावर चढलो की फेज ० कडून निघते, माथ्यावर ९०, पलीकडे उतरेपर्यंत १८०. प्रयोगात तंतोतंत असंच आलं, प्रत्येक डोंगरावर सावकाश चढत जाणारी १८० अंशांची फेज. इथे सगळे खूश.

डोकं खाजवायची वेळ दरीत आली. पहिला डोंगर संपला तेव्हा फेज १८० वर होती, पुढचा सुरू होताना तिने तिथूनच पुढे ३६० कडे जायला हवं होतं असं पुष्कळ जणांना वाटत होतं. पण दरीत, करंट जवळजवळ शून्य असताना, अगदी चिंचोळ्या जागेत, फेज घसरून परत ० वर यायची. पुढचा डोंगर पुन्हा ० पासून, मग परत घसरण, पुन्हा ०. एका दरीत नाही, ओळीने सगळ्या दऱ्यांमध्ये. जणू प्रत्येक इलेक्ट्रॉनने आत येताना जे दिलं ते दरीत कुणीतरी गुपचूप परत घेऊन गेलं.

यात नवल काय ते कळायला आता दोन किल्ल्या घ्या, एक २५ सेंटीमीटर दोरीला, एक १६ सेंटीमीटरला, दोन्ही एकाच पेन्सिलीला जरा अंतर ठेवून बांधा. पेन्सिल दोघींच्या मधल्या वेगाने हलवली की लांब दोरीची किल्ली पेन्सिलीच्या उलट जाते आणि आखूड दोरीची पेन्सिलीबरोबर. आपण दरीत आहोत म्हणजे हेच, खालची लेव्हल उलट, वरची सुलट. दोघींची बेरीज उजवीकडच्या बोळात गेली तर दरीत कुठेतरी एका जागी त्या एकमेकींना पूर्ण पुसून टाकणार, बेरीज शून्यातून जाऊन चिन्ह बदलणार, आणि चिन्ह बदलणं म्हणजेच १८० अंशांची घसरण. म्हणजे घसरण होणं हे स्वतःत काही अद्भुत नाही.

पण थांबा, डावीकडून आत आलेली लाट उजवीकडे कुठल्या चिन्हाने बाहेर पडते हे प्रत्येक लेव्हलचं वेगळं असू शकतं. कपडे वाळत घालायची दोरी हलवून बघा, पहिल्या प्रकारात अख्खी दोरी एकाच बाजूला फुगते, दुसऱ्यात डावा अर्धा वर तर उजवा अर्धा खाली. शेजारच्या दोन लेव्हलची चिन्हं वेगळी असतील तर दरीत त्या पुसत नाहीत, उलट एकमेकींना मदत करतात, मग घसरण नाही, फेज पुढे चढत जाते. सरळ दोरीसारख्या डॉटमध्ये चिन्हं आळीपाळीने बदलतात, तिथे घसरण कधीच व्हायला नको. खरा डॉट दोरीसारखा नसतो, वेडावाकडा, दोन दिशांना पसरलेला असतो, त्यात चिन्हं नाणं उडवल्यासारखी यायला पाहिजेत, कधी घसरण, कधी नाही. आणि नाणं सलग १० वेळा छापा पडायची शक्यता १०२४ मध्ये १. तेव्हा प्रत्येक दरीत घसरण दिसली याचा अर्थ नाणं उडवलंच जात नव्हतं, आत काहीतरी नियम होता जो कुणाला माहीत नव्हता.

मधे १९९८ मध्ये याच लोकांनी आणखी एक सुंदर प्रयोग केला, त्याबद्दल थोडक्यात. डॉटच्या शेजारी एक दुसरी चिंचोळी वाट ठेवली, डॉटमध्ये इलेक्ट्रॉन आला की तिथला करंट जरासा हलायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन डॉटच्या गल्लीने गेला याची खबर बाहेर फुटायची. खबर जितकी स्पष्ट तितकी इंटरफिअरन्सची, म्हणजे दोन गल्ल्यांतल्या लाटा एकत्र येऊन होणारी करंटची लाट फिकी. मला हा प्रयोग अजून अंगावर येतो, कारण इथे इलेक्ट्रॉनकडे बघणारं कुणी नव्हतं, नुसती खबर फुटणं पुरेसं होतं.

घसरणीकडे परत येऊ. २००५ मध्ये हायब्लुम यांच्याच टीमने डॉट जवळजवळ रिकामा केला आणि एकापासून मोजत इलेक्ट्रॉन घातले. साधारण दहापर्यंत फेज लहरी होती, काही दऱ्यांत घसरण, काहींत नाही, डॉटचा आकार गेटने जरा बदलला की पॅटर्न बदलायचा, म्हणजे नाणं उडवलं जात होतं. आणि १४ च्या पुढे गेल्यावर तीच जुनी शिस्त, प्रत्येक दरीत घसरण. आमच्याकडे प्रिंट काढलेला तो ग्राफ मी कितीतरी दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

दोन वर्षांनी एक उत्तर आलं जे बऱ्याच जणांना पटतं. थोडे इलेक्ट्रॉन असतात तेव्हा लेव्हल एकमेकींपासून लांब असतात, प्रत्येक डोंगर आपापल्या लेव्हलचा. इलेक्ट्रॉन वाढले की लेव्हल जवळजवळ येतात, इतक्या की त्यांच्यातलं अंतर त्यांच्या रुंदीपेक्षाही कमी होतं, आणि मग त्यातली एक लेव्हल दोन्ही बोळांशी फार घट्ट जोडली जाऊन रुंद होते, बाकीच्या बारीक राहतात. रहाडीत बघा, एक दांडगा पोहणारा दोन्ही बोळांच्या तोंडाशी असतो, ये-जा सगळी त्याच्या हातून होते, एकाला आत ओढून घेतो, कोपऱ्यात ढकलून देतो आणि स्वतः परत तोंडाशी मोकळा. डॉटमध्ये त्या रुंद लेव्हलमध्ये इलेक्ट्रॉन येतो, मग बारीक लेव्हलमध्ये सरकतो, रुंद लेव्हल पुन्हा रिकामी. पुढच्या डोंगरावर काम करणारी लेव्हल परत तीच, म्हणून फेजपण परत ० पासून. याच्यात इलेक्ट्रॉनचं एकमेकांना ढकलणं गरजेचं आहे, ते काढून टाकलं तर हे सरकणं होत नाही, आणि मला या उत्तरात आवडतं ते हेच, की ज्या ढकलाढकलीने रांग थांबवली होती तीच आता ताल मागे नेतेय.

फेजने आणखी एक जुनं कोडं सोडवलं. डॉटमध्ये इलेक्ट्रॉनची संख्या विषम असली आणि तापमान पुरेसं कमी असलं तर त्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनभोवती, म्हणजे त्याच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकाभोवती, बाहेरचे इलेक्ट्रॉन गोळा होऊन दरीतसुद्धा करंट वाहायला लागतो, याला कोंडो इफेक्ट म्हणतात, डॉटमध्ये तो १९९८ मध्ये दिसला. थिअरी सांगत होती की त्या दरीत फेज बरोबर ९० वर टेकून राहील, ना ० ना १८०. २०१४ मध्ये दोन वाटांच्या सुधारित उपकरणात ते ९० नीट मोजलं गेलं.

मग भाचा म्हणाला, "म्हणजे १४ च्या पुढे नेहमी घसरण होणार, हे फिक्स?" मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पण २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या टीमने काहीशे इलेक्ट्रॉन असलेला मोठा डॉट घेतला, त्याच सुधारित पद्धतीने दऱ्यांमागून दऱ्या मोजल्या, आणि त्यात काही दऱ्यांत घसरण होती, काहींत फेज सरळ पुढे चढत गेली होती. काहीशे इलेक्ट्रॉन आत असताना नाणं पुन्हा उडत होतं. म्हणजे नुसती इलेक्ट्रॉनची संख्या सगळं ठरवत नाही, लेव्हल किती रुंद आहेत, त्यांच्यात अंतर किती आहे, बोळांशी कुठली किती घट्ट जोडली आहे हे प्रत्येक डॉटचं वेगळं बघावं लागतं. भाच्याने पेन्सिलीला तिसरी किल्ली बांधली आणि विचारलं, तिघींमध्ये एकीची दोरी खूप जाड घेतली तर? ती दोरी आम्ही अजून शोधतोय.